साखर १९६ होती म्हणून घरी पाठवलं: हाशिमोटोच्या पेशंटच्या डायबेटिसचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी देशावरच्या एका तालुक्याच्या गावात जनरल प्रॅक्टिस करतो, वीसेक वर्षं झाली. हे प्रकरण माझ्याच पेशंटचं आहे आणि यातल्या चुका बऱ्याचशा माझ्याच आहेत. पेशंटला विचारून लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. त्यांना इथे नुसतं 'बाई' म्हणतो, कारण त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत आणि गावात सगळेच त्यांना बाई म्हणतात.

बाईंना २०१२ पासून थायरॉइड. तेव्हा वय ३६, केस गळायचे, पाळीच्या तक्रारी, दुपारी वर्गात पेंग यायची. टीएसएच (थायरॉइड कमी पडला की वाढणारा हार्मोन) ३८ आला, अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची अँटीबॉडी) सहाशेच्या वर, म्हणजे लॅबचं मशीन त्यापुढे मोजतच नव्हतं. हाशिमोटो. (शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करतं तो आजार; नाव जपानी सर्जनचं, १९१२ साली त्यांनी पहिल्यांदा लिहिलं म्हणून.) थायरॉक्झिन ७५ वर त्या सेट झाल्या. सकाळी उठलं की बाटलीतली गोळी, मग अर्ध्या-पाऊण तासाने चहा. सात वर्षं काही तक्रार नाही. घरात आईवडिलांना डायबेटिस नाही, मावशीला कोड आहे (तोही शरीराने स्वतःवरच हल्ला करण्याचा, म्हणजे ऑटोइम्यून आजार). हे मावशीच्या कोडाचं मला २०१२ मध्येच सांगितलं होतं, माझ्याच अक्षरात फाइलवर लिहिलेलं आहे, आणि पुढची दहा वर्षं ते मी एकदाही वाचलं नाही.

प्रश्न कसा सुरू झाला

ऑगस्ट २०१९ मध्ये शाळेच्या आरोग्य तपासणीत साखर निघाली. उपाशीपोटी १६८, जेवणानंतर २५४, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ८.१. वजन ५३ किलो, उंची १५६, म्हणजे बीएमआय २१.८. वय ४३.

आता बारीक माणसाला डायबेटिस झाला की अमेरिकेतल्या डॉक्टरच्या डोक्यात लगेच घंटा वाजेल, आमच्या नाही वाजत. त्यालाही कारण आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा तो प्रसिद्ध फोटो डॉक्टर लोकांनी पाहिलेला असतोच, २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला. दोघांचा बीएमआय एकच २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. भारतीय माणूस दिसायला काटकुळा असला तरी आतून चरबीवाला असतो, त्यामुळे बारीक माणसालाही टाइप २ (इन्शुलिन असतं पण नीट चालत नाही तो नेहमीचा डायबेटिस) होतो, हे आम्ही घोकून ठेवलंय. आणि ते खरंच आहे. फक्त त्यामुळे झालं काय, की बारीक पेशंट समोर आला की 'हा दुसराच काही प्रकार असेल का' हा प्रश्नच आम्ही विचारायचं सोडून दिलं. बाईंची कंबर मी मोजली नव्हती, ट्रायग्लिसराइड ९०च्या आसपास, एचडीएल ५८, बीपी ११०/७०. टाइप २ च्या गोतावळ्यातलं बाकी कोणीच हजर नव्हतं.

पहिला निर्णय: मेटफॉर्मिन

मेटफॉर्मिन ५०० दोनदा सुरू केलं. हा निर्णय त्या दिवशीपुरता चूक नव्हता असं मला अजूनही वाटतं. पण त्याच दिवशी एक रक्ततपासणी सांगायला हवी होती, जीएडी अँटीबॉडीची, म्हणजे पँक्रियाजवरच्या हल्ल्याच्या खुणेची. ज्या शरीराने स्वतःच्या थायरॉइडवर हल्ला केलाय ते स्वतःच्या पँक्रियाजवरही करू शकतं, हे काही नवीन ज्ञान नाही. मोठेपणी हळूहळू येणाऱ्या या ऑटोइम्यून डायबेटिसला 'लाडा' हे नाव १९९३ पासून आहे. ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासात टाइप २ म्हणून घेतलेल्या पेशंटमध्ये दहातल्या साधारण एकाला जीएडी पॉझिटिव्ह निघाली होती, ते १९९७ साली छापून आलं. थायरॉइडच्या अँटीबॉडी असलेल्यांमध्ये शंका आणखी जास्त घ्यायला हवी. टेस्ट महाग पडते, सॅम्पल कुरियरने पुण्या-मुंबईला जातं, रिपोर्टला दिवस लागतात, आणि बाईंना बघून मला वाटलं कशाला उगाच खर्चात पाडायचं. हे 'उगाच' फार महागात पडलं.

मेटफॉर्मिनने एक गंमत केली. आधी टीएसएच ३.१ होता, पाच महिन्यांनी १.० आला, थायरॉक्झिनचा डोस तोच असताना. लॅबवाला म्हणाला सॅम्पल बदललं असेल. पण थायरॉइड कमी असलेल्यांमध्ये मेटफॉर्मिनमुळे टीएसएच खाली येतो आणि फ्री टी४ (रक्तातला प्रत्यक्ष थायरॉइड हार्मोन) मात्र जागच्या जागी राहतो, हे माहीत असलेलं आहे. मी फ्री टी४ करून घेतला, नॉर्मल होता, डोसला हात लावला नाही. या संपूर्ण प्रकरणात मी बरोबर केलेली ही एक गोष्ट, म्हणून आवर्जून सांगतोय.

दुसरा निर्णय: ग्लिमेपिराइड

फेब्रुवारी २०२० मध्ये एचबीए१सी ८.४. सकाळी मेटफॉर्मिन, रात्री मेटफॉर्मिन, बाई भात जवळपास बंद करून बसलेल्या, तरी वाढलेलाच. ग्लिमेपिराइड १ मिलीग्रॅम जोडलं. स्वस्त गोळी, पटकन काम करते, आमच्या भागात दर दुसऱ्या फाइलमध्ये असते. जूनमध्ये ७.२ आला, बाई खूश, मीही खूश. लॉकडाऊन लागलेलाच होता, मग शाळा मोबाईलवर, बाई येईनाशा झाल्या, सर (म्हणजे त्यांचे मिस्टर, तेही शिक्षकच) दर महिन्याला जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळ्या नेत राहिले. मधे फोनवर साखरेचे आकडे ऐकून मी १ चं २ केलं, २ चं ४.

ही सल्फोनिलयुरिया जातीची गोळी पँक्रियाजला चाबूक मारून इन्शुलिन काढून घेते. लाडामध्ये इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी आधीच मरत चाललेल्या असतात, त्यांच्यावर चाबूक मारला की त्या लवकर बसतात. जपानच्या टोकियो स्टडीत नेमकं हेच बघितलं होतं, २००८ साली आलं, सल्फोनिलयुरियापेक्षा लवकर इन्शुलिन दिलेल्या लोकांच्या बीटा पेशी जास्त टिकल्या. आणि २०२० मध्ये लाडावर जे आंतरराष्ट्रीय एकमत छापलं गेलं त्यातही ही गोळी टाळा असंच आहे. मी ते तेव्हा वाचलं नव्हतं. कोविडच्या गडबडीत कोण वाचतंय.

नोव्हेंबर २०२१ मध्ये बाई प्रत्यक्ष आल्या तेव्हा वजन ४८. ब्लाउज सैल झालेला, गालफडं बसलेली. मी पहिलं काय केलं तर थायरॉइडकडे बोट दाखवलं, गोळी जास्त होत असेल म्हणून टीएसएच केला, तो १.४ आला. मग म्हणालो, अहो बाई, डाएट फार कडक करताय तुम्ही. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मी तर हल्ली चार वेळा खातेय, भूकच भागत नाही." हे वाक्य ऐकूनही मी पुढे गेलो.

तिसरा निर्णय आणि समोर असलेले पर्याय

एप्रिल २०२२. एचबीए१सी ९.६, वजन ४७, ग्लिमेपिराइड ४ आणि मेटफॉर्मिन २००० चालू. या टप्प्यावर मी खरंच बसून विचार केला होता, म्हणून तो जरा सविस्तर लिहितो.

इन्शुलिन हा पहिला पर्याय. मी शब्द काढला आणि बाईंच्या डोळ्यात पाणी आलं. त्यांच्या शेजारच्या काकांना इन्शुलिन लागलं आणि वर्षात ते गेले, त्यामुळे इन्शुलिन म्हणजे शेवट असं डोक्यात पक्कं. सर म्हणाले, "एखादी गोळी ट्राय करू ना अजून, सुईचं नंतर बघू." मी फार ताणलं नाही.

दुसरा, ग्लिप्टिन. विल्डाग्लिप्टिन पेटंट संपल्यावर स्वस्त झालं होतं, पण साडेनऊच्या एचबीए१सीला त्याने कितीसा फरक पडणार असा माझा हिशोब. मागे वळून पाहता गोळ्यांमधला सगळ्यात निरुपद्रवी पर्याय तोच होता.

तिसरा, पायोग्लिटाझोन. २०१३ च्या जूनमध्ये सरकारने बंद केली आणि दीडेक महिन्यात परत चालू केली तीच ही गोळी. ग्रेव्हज (थायरॉइड जास्त होण्याचा आजार) असलेल्या, डोळे बाहेर आलेल्या पेशंटला ती देत नाहीत, डोळ्यामागची चरबी वाढते. बाईंना तसं काही नव्हतं, पण ही गोळी इन्शुलिन नीट चालत नसेल तर उपयोगी, इन्शुलिनच नसेल तर काय करणार. तेव्हा मी ती फक्त पायाला सूज येते म्हणून सोडली.

चौथा, तोंडाने घ्यायचं सेमाग्लुटाइड, भारतात त्याच वर्षी जानेवारीत आलेलं. बाईंच्या भाच्याने नेटवर वाचलं होतं की थायरॉइडवाल्यांना ते चालत नाही, कॅन्सर होतो. ही गल्लत फार जण करतात. इशारा आहे तो मेड्युलरी कॅन्सरबद्दल, थायरॉइडमधल्या सी पेशींचा, तो स्वतःला किंवा घराण्यात असेल किंवा एमईएन-२ हा आनुवंशिक आजार असेल तर द्यायचं नाही. हाशिमोटोशी त्याचा संबंध नाही. खरी अडचण वेगळीच आहे, तीही सकाळी उपाशीपोटी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास काही खायचं नाही, दुसरी गोळीसुद्धा नाही. म्हणजे थायरॉक्झिनशी थेट भांडण. शिवाय दोन्ही चालू असल्या तर थायरॉक्झिन रक्तात साधारण ३३ टक्के जास्त चढतं, टीएसएच परत बघावा लागतो. पण ४७ किलोच्या बाईला वजन उतरवणारं औषध देणं मलाही पटेना, खर्चही झेपणारा नव्हता.

पाचवा, डापाग्लिफ्लोझिन. २०२० च्या ऑक्टोबरात पेटंट संपलं आणि बाजारात नुसता पाऊस पडला, रोज औषध कंपनीचा एक एमआर नवीन नावाचं पाकीट घेऊन यायचा. हार्टला चांगलं, किडनीला चांगलं, हायपो (साखर एकदम खाली जाणं) होत नाही, दिवसातून एक गोळी. लघवीवाटे दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम साखर बाहेर टाकते. सगळं खरं. पण वजन उतरत असलेल्या, इन्शुलिन कमी असण्याची शंका असलेल्या माणसाला ही देऊ नये हेही खरं, आणि मला ती शंकाच आली नव्हती. १० मिलीग्रॅम लिहिली.

पहिल्या महिन्यात साखर सुंदर आली. उपाशीपोटी १२८. बाईंनी मला पेढे आणून दिले.

सातवी माळ

२०२२ ची घटस्थापना २६ सप्टेंबरला होती. बाई नवरात्राचे नऊही दिवस धरतात, सासूबाईंपासूनची पद्धत, एकवेळ थोडी भगर किंवा राजगिऱ्याची लाही, बाकी दूध आणि एखादं फळ. आधी विचारायला आल्या होत्या. मी ग्लिमेपिराइड बंद करायला सांगितली, चक्कर येऊन पडतील म्हणून. डापाग्लिफ्लोझिनबद्दल म्हणालो, "ती चालू ठेवा, तिने साखर कमी होऊन चक्कर येत नाही." हे वाक्य शब्दशः आठवतं.

२ ऑक्टोबरला, रविवारी, सातव्या माळेला सकाळी सर त्यांना घेऊन आले. रात्रीपासून उलट्या, पोटात दुखतंय, थकवा. ग्लुकोमीटरवर १९६. मला हायसं वाटलं. डायबेटिसचं काही नाही, रिकाम्या पोटाचं पित्त आहे. पँटोप्राझोल, उलटीचं इंजेक्शन, उपास सोडा असा दम, आणि घरी. श्वास जरा जोरात चालला होता, मी तो उलट्यांमुळे धरला.

रात्री साडेनऊला सरांचा फोन, "डॉक्टर, हिला धाप लागल्यासारखं होतंय, बोलता येईना." जिल्ह्याच्या गावी एका खाजगी हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीने, हो, पंचविशीतली मुलगीच, गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी केली, डापाग्लिफ्लोझिनचं पाकीट बघितलं आणि साखर २०४ असूनही लघवीत कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) बघितले. चार प्लस. रक्ताचा पीएच ७.१४, बायकार्बोनेट ९, म्हणजे रक्त आम्लधर्मी झालेलं.

यूग्लायसेमिक कीटोअॅसिडोसिस, म्हणजे साखर फारशी न वाढता कीटोन साठणं. अमेरिकेच्या एफडीएने २०१५ मध्येच या गोळ्यांबद्दल हा इशारा दिला होता. मेकॅनिझम कळला की भीती वाटते: अंगात इन्शुलिन आधीच तुटपुंजं, त्यात उपास, शरीर चरबी जाळायला लागतं आणि कीटोन साठतात, पण ही गोळी साखर लघवीतून काढत राहते म्हणून मीटरवरचा आकडा गोड दिसतो. नेहमीच्या कीटोअॅसिडोसिसमध्ये साखर चारशे-पाचशे दिसते आणि कोणीही घाबरतं. इथे घाबरवणारा आकडाच गायब.

सलाइन, पोटॅशियम, इन्शुलिनचं ड्रिप, आणि साखर दोनशेच असल्याने सुरुवातीपासून सोबत डेक्स्ट्रोज. सरांना ते कळेना, "साखरेच्या पेशंटला ग्लुकोज कसं लावताय?" म्हणून भांडले. इन्शुलिन थांबवता येत नाही आणि साखर पडू द्यायची नाही, म्हणून दोन्ही. तीन दिवस आयसीयू.

आयसीयूत कोणीतरी सवयीने थायरॉइड प्रोफाइल लावली. टीएसएच ०.२, टी३ कमी. थायरॉक्झिन अर्धं करायचं ठरत होतं. तिथल्या एंडोक्रायनॉलॉजिस्टने थांबवलं, माणूस इतका आजारी असताना थायरॉइडच्या रिपोर्टवर विश्वास ठेवायचा नाही, गोळी तीच ठेवा, सहा आठवड्यांनी बघू. सहा आठवड्यांनी टीएसएच २.२ आला.

निदान आणि पुढचे उपचार

जीएडी अँटीबॉडी भरपूर पॉझिटिव्ह. सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्शुलिन बनवतंय त्याचं माप) आजार शमल्यावर, महिन्याने केलं, ०.५ नॅनोग्रॅम. साधारण ०.९ च्या खाली असलं की टाइप १ (इन्शुलिनच नसलेला डायबेटिस) सारखंच वागवायचं असं ते २०२० चं एकमत सांगतं. म्हणजे चर्चेला जागा नव्हती. तिन्ही गोळ्या बंद, रात्री ग्लार्जिन (दिवसभर पुरणारं इन्शुलिन) आणि तिन्ही जेवणांआधी थोडं थोडं जलद इन्शुलिन. ज्या सुईला बाई रडल्या होत्या ती त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःची स्वतः टोचली. नंतर मला म्हणाल्या, "मुंगी चावते त्यापेक्षा कमी हो डॉक्टर, उगाच घाबरवून ठेवलंय लोकांनी." तीन महिन्यांत वजन ५१.

बी१२ निघालं १४२. याचे तीन आरोपी: बाई शाकाहारी, तीन वर्षं मेटफॉर्मिन, आणि हाशिमोटोवाल्यांमध्ये जठराचाही ऑटोइम्यून आजार जास्त दिसतो ज्यात बी१२ शोषलंच जात नाही. पायाला मुंग्या येतात म्हणून मी त्यांना वर्षभर डायबेटिसची नस म्हणत होतो. इंजेक्शनं सुरू झाली. आणि बी१२ किंवा लोह कमी असलं किंवा थायरॉइड फार कमी असला तर तांबड्या पेशी जुन्या होत राहतात आणि एचबीए१सी खोटा जास्त येऊ शकतो, त्यामुळे आता बाईंच्या बाबतीत आम्ही मीटरच्या वहीला जास्त मान देतो.

मे २०२३ मध्ये एक वेगळाच घोळ. पहाटे साखर ५२, ५८, घामाघूम. इन्शुलिन कमी कमी करत गेलो तरी तेच. हाशिमोटो, टाइप १ आणि विनाकारण हायपो असं त्रिकूट दिसलं की अॅड्रिनल बघायची असते, अॅडिसन (अॅड्रिनल ग्रंथी कमी पडण्याचा आजार) निसटू नये म्हणून. सकाळी आठचं कॉर्टिसॉल १४, ठीक. टीएसएच मात्र ११.६. कारण? हाडांसाठी म्हणून कोणीतरी कॅल्शियम सुरू केलं होतं आणि बाई सगळ्या गोळ्या एकदम बऱ्या म्हणून ते सकाळी थायरॉक्झिनबरोबरच घेत होत्या. कॅल्शियमने थायरॉक्झिन अडवलं, थायरॉइड कमी पडल्यावर इन्शुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं आणि लिव्हरही साखर कमी सोडतं. मी इन्शुलिनच्या युनिटशी खेळत बसलो होतो आणि बिघाड चहाच्या आधीच्या गोळीत होता. कॅल्शियम दुपारच्या जेवणावर ढकललं, दोन महिन्यांत हायपो थांबले, इन्शुलिन पुन्हा होतं तेवढं लागायला लागलं.

वेगळं काय करता आलं असतं

२०१९ मध्येच जीएडी. तेव्हा परवडत नसेल तर निदान २०२० मध्ये, पहिली गोळी पाच-सहा महिन्यांत हरली तेव्हा. आणि तेव्हाही नाही तर ५३ चं ४८ झालं त्या दिवशी, मग मात्र अजिबात टाळायला नको होतं. तीन दारं होती, मी तिन्हींवरून गेलो. तपासणी केली असती तर डायबेटिस बरा झाला असता असं नाही, इन्शुलिन लागणारच होतं, पण ते आयसीयूत सुरू व्हायची गरज नव्हती.

उपासाच्या बाबतीत मी फक्त हायपोचा विचार केला. ग्लिफ्लोझिनवाल्या गोळ्या मोठ्या ऑपरेशनआधी तीन दिवस बंद ठेवतात, उलट्या-जुलाब-ताप असला, खाणं तुटलं की बंद करायच्या असतात, आणि कडक उपास हेही खाणं तुटणंच आहे. आता श्रावण, नवरात्र, एकादशी, रमजान यांच्या आधी मी या गोळीवाल्या पेशंटना बोलावून चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून देतो: उलटी झाली, धाप लागली, तर साखर कितीही चांगली असो, लघवीत कीटोन बघायचे. पट्टीची बाटली दवाखान्यात ठेवलीय, ती वर्षानुवर्षं मी का ठेवली नव्हती याला उत्तर नाही.

सरांशी एक वाद अजून मिटलेला नाही. त्यांचं म्हणणं, त्या रविवारी सकाळी तुम्ही लगेच पुढे पाठवायला हवं होतं. बरोबर आहे. माझं म्हणणं, लॉकडाऊनपासून दीडेक वर्ष तुम्ही बाईंना न दाखवता गोळ्या नेत होतात. तेही बरोबर आहे. बाई मधे पडून विषय बदलतात.

२०२३ च्या नवरात्रात बाईंनी उठता-बसता उपास केला, पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचा, ग्लार्जिन न चुकवता, जलद इन्शुलिन खाण्याच्या मापाने. माझ्याकडच्या ज्या फायलींमध्ये थायरॉक्झिन आणि डायबेटिसच्या गोळ्या एकत्र आहेत त्या कंपाउंडरला बाहेर काढायला सांगितल्या. बहुतेक सगळे साधे टाइप २ च आहेत, दोन्ही आजार इतके कॉमन आहेत की योगायोगच जास्त, त्यांच्या गोळ्यांना मी हात लावला नाही. पण बारीक असलेले, वजन उतरत असलेले, टीपीओ पॉझिटिव्ह असलेले बाजूला ठेवले. त्यात बाईंची धाकटी बहीण आहे, थायरॉइड सहा वर्षं, उपाशीपोटी साखर ११४. तिचं सॅम्पल सोमवारी पुण्याला गेलंय.